ठसका कमी झाला, म्हणजे गुण आला का?

पत्र असं आहे:

‘मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. माझे मामाजी, म्हणजे सासरे, एकाहत्तर वर्षांचे आहेत. सात वर्षांपासून त्यांना पार्किन्सन आहे. मागच्या दिवाळीनंतर जेवताना सारखा ठसका लागू लागला, मग न्यूमोनिया होऊन आठ दिवस दवाखान्यात होते. नागपूरला गिळण्याची एक्स-रेवाली तपासणी केली, त्यात आकडा “सात” सांगितला. तीन महिने फुंकायचं यंत्र, मान खाली घालून गिळणं आणि घट्ट केलेलं पाणी, असा इलाज केला. आता परत तपासलं तर आकडा “पाच” आला. थेरपिस्ट म्हणतात चांगली सुधारणा आहे. पुण्याचे भाऊजी विचारतात, साताचे पाच म्हणजे किती टक्के फायदा? एवढं गाडीभाडं कशासाठी? मामाजी म्हणतात, मला आधीही काही नव्हतं, आताही काही नाही. सासूबाई म्हणतात, ठसका उलट मोठ्यानं लागतो. आणि मला दिसते की ते घट्ट पाणी जवळपास पीतच नाहीत, तांब्या तसाच राहते. कोणाचं खरं धरायचं? इलाज पुढे चालवायचा का? – एक सून’

ताई, तुमच्या घरात कोणीच खोटं बोलत नाहीये. थेरपिस्टने पडद्यावर घास कुठे गेला ते पाहिलं. भाऊजींनी खिशाकडे पाहिलं. सासूबाईंनी कानाने ऐकलं, मामाजींनी स्वतःच्या घशाला विचारलं आणि तुम्ही तांब्यात किती उरलं ते बघितलं. इलाजाचा गुण मोजायच्या या पाच वेगवेगळ्या जागा आहेत आणि पाचही ठिकाणी एकच उत्तर येईल असा नियम नाही. मला विचाराल तर सगळ्यांत कामाची नोंद तुमची आहे. पण भाऊजींचा प्रश्न रोखठोक आहे, तो आधी घेऊ.

तो आकडा आठ पायऱ्यांच्या एका मोजपट्टीवरचा आहे. १९९६ साली ती छापून आली आणि आज जगभर वापरतात. एक म्हणजे श्वासाच्या वाटेत काहीच शिरलं नाही. पाच म्हणजे घास किंवा पाणी त्या वाटेत शिरलं, स्वरपट्ट्यांना टेकलं, तिथून परत वर फेकलं गेलं नाही, पण पट्ट्यांच्या खालीही उतरलं नाही. सात म्हणजे पट्ट्यांच्या खाली उतरलं, माणसाने ते बाहेर काढायची धडपड केली, तरी निघालं नाही. आठ म्हणजे खाली उतरलं आणि शरीराने साधा ठसकासुद्धा दिला नाही.

म्हणजे पहिल्या वेळी मामाजींच्या फुफ्फुसाच्या वाटेला लागलेली गोष्ट दुसऱ्या वेळी दारातच थांबली. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण त्याचे टक्के निघत नाहीत. चार आणि पाच यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच पाच आणि सहा यांच्यात असेल असं ही पट्टी सांगतच नाही. ती फक्त काय जास्त वाईट, काय कमी वाईट याचा क्रम लावते. भाऊजींना सांगा, भागाकार करू नका.

मात्र त्यांच्या शंकेत एक दाणा खरा आहे, तो टाकून देऊ नका. दोन्ही रिपोर्ट काढा आणि बघा, कोणत्या वेळी काय पाजलं होतं? पहिल्यांदा पातळ पाणी आणि दुसऱ्यांदा घट्ट केलेलं पाणी दिलं असेल, तर साताचे पाच कशामुळे झाले ते कळणार नाही. घशाला बळ आलं, की पाणीच सावकाश उतरलं? कापसात ओलावा किती ते न बघता नुसतं वजन सांगण्यासारखं ते होईल. तीच वस्तू, तेवढाच घोट आणि तशीच बसण्याची पद्धत असेल तरच दोन आकडे शेजारी ठेवता येतात. एका तपासणीत पाच-सात घोट देतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येऊ शकतो. तुम्हाला सांगितला तो सगळ्यांत वाईट घोटाचा होता का, हेही विचारा.

अजून एक गोष्ट रिपोर्टवर बहुधा लिहिलेली नसते, ती म्हणजे गोळी किती वाजता घेतली होती. लेव्होडोपाची, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाची, गोळी अंगात चढलेली असताना आणि उतरलेली असताना पार्किन्सनचा माणूस दोन माणसांसारखा असतो. चालण्यात हे तुम्ही रोज बघताच. गिळण्यावर गोळीचा परिणाम हातापायांइतका भरवशाचा नाही, कोणाला दिसतो, कोणाला नाही. तरी तोंड चालणं, मान धरणं, सरळ बसणं यांत फरक पडतोच. दारव्ह्याहून पहाटेच्या एसटीने निघायचं, गोळी राहून जायची, रांगेत दुपार व्हायची आणि मग तपासणी, असं एका वेळी झालं असेल आणि दुसऱ्या वेळी नसेल, तरी आकडा हलू शकतो. पुढच्या वेळी गोळीची वेळ आणि तपासणीची वेळ रिपोर्टच्या मागे पेनाने लिहून ठेवा.

दुसऱ्या दवाखान्यात कधी कान-नाक-घसा विभागात नाकातून बारीक कॅमेऱ्याची नळी घालून हीच तपासणी करतील. ती चांगलीच आहे, घशात काय साचून राहिलं ते तिच्यात छान दिसतं. पण कॅमेऱ्याच्या तपासणीत तोच घोट एक्स-रेपेक्षा थोडा वाईट वाचला जातो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणून एक्स-रेचा पाच आणि कॅमेऱ्याचा सहा एकमेकांना लावून ‘बिघडलं’ म्हणू नका.

आता मामाजी. ‘मला काही नव्हतंच’ हे ते हट्टाने म्हणत असतील असं मला वाटत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना नुसतं विचारलं तर साधारण तिघांतला एक जण ‘गिळायला त्रास होतो’ म्हणतो. यंत्राने तपासलं तर पाचांतल्या चौघांत काही ना काही दोष सापडतो. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१२ साली हे मांडलं गेलं – विचारून ३५ टक्के, तपासून ८२ टक्के. मधल्या सगळ्या लोकांचा घसा बिघडलेला आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही. या आजारात घशाची जाणीवच बोथट होते. त्यामुळे गुण आला का हे ठरवताना मामाजींचा शब्द एकटा पुरत नाही. तो बाजूला सारायचा असंही नाही, पण त्यांना वेगळा प्रश्न विचारा, तो खाली सांगते.

सासूबाईंचं निरीक्षण मला फार आवडलं. ठसका मोठा झाला! ताई, तुम्ही ज्याला फुंकायचं यंत्र म्हणता, त्यात एक स्प्रिंगची झडप असते आणि ती उघडायला जोरात श्वास सोडावा लागतो. २०१० साली पार्किन्सनच्या ६० रुग्णांवर याची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरं यंत्र दिलं आणि निम्म्यांना दिसायला तसंच, पण झडपेचा जोर नसलेलं दिलं. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज पंचवीस फुंका. खऱ्या यंत्रवाल्यांचं गिळणं, तुमच्याच त्या आठ पायऱ्यांच्या पट्टीवर, सुधारलं. या व्यायामाने श्वास बाहेर टाकणारे स्नायू बळकट होतात, म्हणजे खोकलाही जोरदार होतो. मरगळलेल्या ‘खु-खु’च्या जागी दणदणीत ठसका येत असेल, तर आत शिरलेलं बाहेर फेकायची ताकद आली असं समजायला जागा आहे.

उलट, ठसका नुसता कमी होणं ही नेहमी आनंदाची बातमी नसते. घास नीट जातोय म्हणून ठसका कमी होतो, तसाच घसा आणखी बधिर झाला म्हणूनही होतो आणि माणूस पाणीच पीत नाही म्हणूनही होतो. मोजपट्टीवरच्या आठव्या पायरीवरचा माणूस घरच्यांना सगळ्यांत शांत जेवताना दिसतो. म्हणून दिवसभरातले ठसके मोजून कोणताही निष्कर्ष काढू नका.

जाता जाता, कोविडनंतर पुष्कळ घरांत तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र पडलेलं आहे. ते श्वास आत ओढायचं आहे. फुंकायचं यंत्र बिघडलं म्हणून शेजाऱ्याचं ते आणून चालणार नाही.

आणि आता तुमचा तांब्या. पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या आणि पातळ पाणी श्वासनलिकेत जाणाऱ्या ७११ रुग्णांवरचा एक मोठा अमेरिकन अभ्यास २००८ साली छापून आला. एक्स-रेखाली प्रत्येकाला तीन उपाय करून पाहिले. हनुवटी खाली घालून पातळ पाणी प्यायल्यावर ६८ टक्के लोकांच्या श्वासनलिकेत ते गेलं, जरा दाट पाण्याने ६३ टक्के आणि मधासारख्या घट्ट पाण्याने ५३ टक्के. पडद्यावर बघाल तर घट्ट पाणी जिंकलं. मग त्यांतल्या ५१५ जणांवर तीन महिने लक्ष ठेवलं. न्यूमोनिया साधारण ११ टक्के लोकांना झाला आणि हनुवटीवाले व घट्ट पाणीवाले यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट अंगातलं पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग, ताप यांचा त्रास घट्ट पाणीवाल्यांत जास्त दिसला, ९ टक्के विरुद्ध ५ टक्के.

पडद्यावर जिंकलेला उपाय घरी जिंकेलच असं नाही, आणि त्याचं एक कारण तुमच्या तांब्यातच आहे. लोकांना ते घट्ट पाणी आवडत नाही, म्हणून ते पीत नाहीत. यवतमाळच्या मे महिन्यात पाऱ्याने पंचेचाळीशी गाठली की एकाहत्तर वर्षांच्या माणसाने पाणी टाळणं किती महागात पडतं, हे मी तुम्हाला काय सांगू. सुकलेला घसा आणखी वाईट गिळतो, बद्धकोष्ठ वाढतं आणि गोळीही नीट लागू पडत नाही. म्हणून तुमच्या वहीतली पहिली नोंद ही ठेवा: सकाळी एक लिटरच्या बाटल्या भरून ठेवायच्या आणि रात्री पोटात किती गेलं ते लिहायचं. लघवी गडद पिवळी दिसली तर तेही. हे थेरपिस्टला कोणी सांगत नाही आणि त्यांच्या यंत्रात ते दिसत नाही.

घट्ट म्हणजे किती घट्ट, हाही मोजायचा प्रकार आहे. तुमच्या घरी सकाळी सून करते, दुपारी सासू करते, संध्याकाळी नातू चमचा अंदाजाने टाकतो. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सुईविना सिरिंज आणा, शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांची लांबी साधारण ६१ मिलिमीटर असलेली. दांडा काढा, खालचं तोंड बोटाने दाबा, दहापर्यंत भरा, बोट सोडा आणि दहा सेकंद मोजून परत दाबा. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पातळच आहे. एक ते चार उरलं तर किंचित दाट, चार ते आठ उरलं तर थोडं दाट, आठाच्या वर उरलं तर मध्यम किंवा त्याहून घट्ट. थेरपिस्टने कोणतं सांगितलं आहे ते विचारून घ्या. पिठाची पेज किंवा आंबील घट्ट म्हणून देत असाल तर लक्षात ठेवा, ती थंड झाल्यावर आणखी घट्ट होते आणि तोंडातल्या लाळेने पातळ होते. पेल्यात दिसते तशी ती घशात राहत नाही.

बाकीच्या नोंदी थोडक्यात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, गोळी घेतल्यापासून तेवढाच वेळ गेल्यावर, वरणात चुरलेली तेवढीच भाकर द्या आणि मोबाइलवर वेळ लावा. आधी पाऊण तास लागत असेल आणि आता अर्धा, तर तो गुणच आहे. पण ‘लवकर खा’ म्हणून मागे लागू नका, नाहीतर तुम्ही त्यांचं गिळणं न मोजता त्यांच्यावरची घाई मोजाल. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर घ्या. आरोग्य उपकेंद्रातला चालेल, किराणा दुकानातला नको. महिन्यात शंभरातलं पाच किंवा सहा महिन्यांत शंभरातलं दहा या मापाने वजन उतरलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पाणी प्यायल्यावर ‘आ’ म्हणायला लावा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर लिहा. आणि शेवटी ताप, छातीची औषधं, भरती – तारखेसकट. खरं तर सगळा इलाज या शेवटच्या ओळीसाठीच चाललाय.

एक गोष्ट घरी करू नका. यूट्यूबवर बघून पेलाभर पाणी एका दमात प्यायला लावायचं आणि सेकंद मोजायचे, ही चाचणी खरी आहे, पण ती थेरपिस्टसमोर करायची. मामाजींचा आकडा सात होता, त्यांच्यावर स्वयंपाकघरात प्रयोग नको.

मामाजींना विचारायचा प्रश्न आता. ‘त्रास होतो का’ विचारलं की ते नाही म्हणणार. विचारा, ‘कोणती गोष्ट खायची-प्यायची सोडली? पंगतीला का बसत नाही? जेवताना भीती वाटते का?’ दवाखान्यात दहा प्रश्नांचा एक कागद असतो, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज तीन किंवा जास्त झाली तर दखल घ्यायची. तो कागद वाचून दाखवायला सांगा, पण उत्तरं दर वेळी एकाच माणसाची असू द्या. पहिल्यांदा तुम्ही उत्तर दिलं आणि दुसऱ्यांदा मामाजींनी, तर सुधारणा कागदावरच होईल. मी पाहिलेले कितीतरी आजोबा ओसरीत एकटे जेवतात, कारण पोळ्याच्या दिवशी चार माणसांत ठसका लागला आणि पुरणपोळी अंगावर सांडली. अशा माणसाला पुढच्या पोळ्याला पंगतीत बसता आलं, तर तो इलाजाचा गुण आहे आणि तो रिपोर्टवर कुठेच येणार नाही. त्यांचं उत्तर ‘मला पातळ चहा पाहिजे’ असं आलं, तर तेही थेरपिस्टला सांगा. किती धोका पत्करायचा यात त्यांचा शब्द मोठा असला पाहिजे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, म्हणून विचारते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, चालू आहे का? यवतमाळचं पत्र आलं की मी हे विचारतेच. सुपारीचे कण घशात साचतात आणि तोंडातली घाण श्वासनलिकेत उतरली की छाती भरते. जेवणानंतर दात घासणं, तोंडाची कवळी असेल तर ती रोज धुणं, हा या सगळ्या इलाजातला सगळ्यांत स्वस्त भाग आहे.

तर चालवायचं का? हो, पण जसंच्या तसं नको. फुंकायचं यंत्र आणि मान खाली घालून गिळणं चालू ठेवा. घट्ट पाण्याचा निर्णय थेरपिस्टकडून नव्याने करून घ्या, कारण पिलंच जात नसेल तर तो उपाय कागदावरच आहे. पुढच्या तपासणीपर्यंत फोनवरून काही होतं का ते विचारा, प्रत्येक गोष्टीला नागपूर गाठायची गरज नसते. आणि आधीच ठरवा: तीन महिन्यांत वजन टिकलं, छाती भरली नाही, पाणी पोटात गेलं, तर इलाज लागू पडला असं धरायचं. पार्किन्सन वाढत जाणारा आजार आहे, म्हणून दिवाळीला होते तिथेच मामाजी होळीला असतील, तर भाऊजींनी त्याला शून्य म्हणू नये. त्यांना हिशेबच हवा असेल तर त्या आठ दिवसांच्या भरतीचं बिल काढून द्या आणि त्यात किती वेळा नागपूरचं गाडीभाडं बसतं ते त्यांनाच मोजू द्या.

ताप, धाप, ओठ निळसर होणं किंवा अचानक गुंगी आली तर वही बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा. गोळी घशात अडकत असेल तर मनानेच कुटून देऊ नका. हळूहळू विरघळणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळ्या कुटायच्या नसतात, न्यूरॉलॉजिस्टला विचारून बदलून घ्या.

पुढच्या फेरीला वही, दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांच्या वेळांचा कागद घ्या. घरची घट्ट करायची पावडर किंवा पीठ, तोच चमचा आणि तोच पेलाही पिशवीत टाका. थेरपिस्टसमोर घरच्यासारखं पाणी करा आणि सिरिंजमध्ये ओतून दाखवा.